‘पकडणे’ ते ‘संरक्षणात घेणे’ : वेडा, दरोगा आणि चोवीस तास

फिरणे हा गुन्हा कधीपासून झाला? हा प्रश्न मी मुद्दाम असा विचारतो. बसस्टँडवर फाटक्या कपड्यात हिंडणारा, स्वतःशी बोलणारा, मध्येच ओरडणारा माणूस दिसला की लोक ११२ ला फोन लावतात, दवाखान्याला लावत नाहीत. पोलीस येतात. ठाण्यातले साहेब म्हणतात, हे डॉक्टरांचे काम. डॉक्टर म्हणतात, पोलिसांचे पत्र आणा, आमच्याकडे मनोविकारतज्ज्ञ नाही. या ये-जा मध्ये तो माणूस कधी जीपमध्ये बसून राहतो, कधी पुढच्या तालुक्याच्या हद्दीत उतरवला जातो. आमच्या भागातल्या कार्यकर्त्यांना हे नवीन नाही. दोन्ही खात्यांत समन्वय नाही, असे म्हणून आपण विषय सोडून देतो. पण हा प्रकार ढिलाईतून आलेला नाही. त्याला दीडशे वर्षांहून जास्त जुना कायदा आहे, आणि तो कायदा कोणासाठी लिहिला होता हे समजल्याशिवाय आजच्या कायद्यातली आपली जागा आपल्याला सापडणार नाही.

१८५७ चा उठाव संपतो न संपतो तोच, १८५८ साली, कंपनी सरकारने वेडेपणावर एक नाही तर तीन कायदे केले. चौतीस, पस्तीस आणि छत्तीस क्रमांकाचे. वकील मंडळी त्यांचा एकत्र उल्लेख करतात, पण समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने ते वेगवेगळे वाचले पाहिजेत. पस्तीसावा कायदा इस्टेटवाल्या वेड्यांचा. जमीनदाराचा मुलगा वेडा झाला तर त्याची मालमत्ता कोणी सांभाळायची, जिल्हा न्यायालयाने चौकशी कशी करायची, पालक कोण नेमायचा, याची सगळी व्यवस्था त्यात आहे. छत्तीसावा कायदा इस्पितळांचा. त्यात पहिले पाऊल दरोग्याचे. आपल्या हद्दीत मोकाट फिरणारे जे वेडे समजले जातात, आणि वेडेपणामुळे जे धोकादायक वाटतात, त्यांना पकडून मॅजिस्ट्रेटपुढे पाठवणे हे दरोग्याचे कर्तव्य. मॅजिस्ट्रेटने सरकारी डॉक्टरच्या मदतीने तपासायचे, डॉक्टरने दाखला द्यायचा, मग इस्पितळात रवानगी.

म्हणजे ज्याच्याकडे इस्टेट आहे त्याच्या वेडासाठी न्यायाधीश, आणि ज्याच्याकडे काहीच नाही त्याच्या वेडासाठी दरोगा. एकाच वर्षी, एकाच सरकारने, लागोपाठच्या क्रमांकांचे कायदे करून ही विभागणी केली. इंग्रजांना जात कळत नव्हती असे कोणी म्हणेल, पण कायद्याला जातीचे नाव घ्यावे लागत नाही. या देशात जमीन कोणाकडे होती आणि गावाबाहेर, रस्त्यावर, पालात कोण राहत होते, हे ठरलेलेच होते. ‘मोकाट फिरणारा’ एवढा शब्द लिहिला की उरलेले काम समाजरचना करते.

याच शब्दाच्या शेजारी दुसरा कायदा ठेवून पाहा. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. तो १९११ च्या सुधारणेने मुंबई इलाख्यालाही लागू झाला आणि पारधी, कैकाडी, भामटा यांच्या पोटी जन्मलेले मूल जन्मतःच संशयित ठरले. तिथेही मूळ आरोप चोरीचा नव्हता, फिरण्याचा होता. जो एका जागी राहत नाही, ज्याचा मालक नाही, ज्याच्या नावावर सातबारा नाही, तो राज्यसत्तेला एकतर गुन्हेगार वाटतो किंवा वेडा वाटतो. आणि दोन्ही ठिकाणी त्याला ओळखायचा अधिकार पोलिसांना. गुन्हेगार जमाती कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. भटके-विमुक्त तो दिवस मुक्तिदिन म्हणून पाळतात. पण संशय रद्द झाला नाही हे सर्वोच्च न्यायालयालाच ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सुकन्या शांता यांच्या याचिकेत लिहावे लागले. तुरुंगांच्या नियमावल्यांतली जातवार कामाची वाटणी रद्द करताना न्यायालयाने विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये असेही पोलिसांना बजावले.

१९१२ साली छत्तीसाव्या कायद्याची जागा भारतीय वेड्यांच्या कायद्याने घेतली. त्याचे कलम १३ म्हणजे जुन्या दरोग्याच्या कलमाचेच नवे रूप. फिरणाऱ्या वेड्याला ठाणेदार पकडू ‘शकतो’, धोकादायक वेड्याला पकडलेच ‘पाहिजे’. मग मॅजिस्ट्रेट. तपासणीसाठी एका वेळी दहा दिवस आणि एकूण तीस दिवस अडकवून ठेवण्याची सोय. कायद्यात शब्द सरळ ‘अटक’ असाच होता. कोणाला त्याची लाज वाटत नव्हती. हा कायदा किती काळ चालला? एप्रिल १९९३ पर्यंत. ज्या वर्षी आपल्यातल्या अनेकांचा जन्म झाला त्या वर्षापर्यंत या देशात आजारी माणसाला कायद्याने ‘लुनॅटिक’ म्हणून अटक करता येत होती.

आता आमच्या भागाचे वेगळे दुखणे. अजिंठ्याच्या डोंगराची ही बाजू निजामाची, फर्दापूरच्या पलीकडे खानदेश इंग्रजांचा. इंग्रज मुलखात नागपूरला १८६४ पासून वेड्यांचे इस्पितळ होते, ठाण्याला १९०१ मध्ये झाले. येरवडा आणि रत्नागिरी त्याच काळातले. हैदराबाद संस्थानाचे इस्पितळ कुठे होते? आपल्या जालन्याला. त्या वेळच्या औरंगाबाद जिल्ह्यात. आजच्या पिढीला हे कोणी सांगत नाही. १९४८ मध्ये निजामशाही गेली, आणि १९५३ मध्ये ते इस्पितळ जालन्याहून उचलून हैदराबादला, एर्रागड्डा इथे नेले गेले. तीन वर्षांनी, १९५६ मध्ये, मराठवाडा मुंबई राज्यात आला तेव्हा इस्पितळ तिकडेच राहिले. आम्ही इकडे आलो आणि आमच्या रोग्यांसाठी असलेल्या खाटा सीमेपलीकडे गेल्या. महाराष्ट्र झाल्यावर राज्यात प्रादेशिक मनोरुग्णालये चार : येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी. मराठवाड्यात शून्य. मराठवाड्याच्या अनुशेषाबद्दल सिंचन, रस्ते, रेल्वे यांवर किती समित्या झाल्या, किती भाषणे झाली! या अनुशेषाबद्दल मोर्चा निघालेला मला आठवत नाही. अलीकडच्या वर्षांत सरकारने जालन्यालाच नवे प्रादेशिक मनोरुग्णालय मंजूर केले. जिथून उचलले तिथेच परत, सत्तर वर्षांनी. मंजुरी आणि खाट यांत किती अंतर असते ते मराठवाड्याच्या माणसाला वेगळे सांगायला नको.

या रिकाम्या सत्तर वर्षांत आमचे लोक कुठे गेले? ज्यांना परवडले ते खाजगीत. काही घाटीत, तिथला मनोविकार विभाग हा आमचा मोठा आधार आहे, पण अजिंठ्यापासून शंभर किलोमीटरवर. आणि बाकीचे देवा-दर्ग्याला. बुलडाणा जिल्ह्यातले सैलानी इथून फार लांब नाही. तिथे साखळी बांधलेली माणसे पाहिलेली पिढी अजून जिवंत आहे. ६ ऑगस्ट २००१ ला तामिळनाडूत एरवाडीला आग लागली आणि साखळदंडात बांधलेली अठ्ठावीस माणसे पळता न आल्याने जळून मेली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने देशभरच्या अशा जागांची दखल घेतली. आज साखळी कोणत्याही स्वरूपात बेकायदा आहे : २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम ९५ आहे, आणि महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा भूत उतरवण्याच्या नावाखाली दोरखंड-साखळीने बांधून मारणे हा गुन्हा मानतो. पण लोक तिथे अंधश्रद्धेमुळेच जातात असे म्हणून मोकळे होणाऱ्या आपल्या काही मित्रांशी माझे भांडण आहे. दवाखाना शंभर किलोमीटरवर, ठाण्यात मार, आणि दर्ग्यात निदान झोपायला जागा व पोटाला घास. गरीब माणसाने हिशेब करूनच पाय उचललेला असतो.

आता बाबासाहेबांकडे येतो, कारण या सगळ्या प्रश्नाची किल्ली तिथे आहे.

घटनेच्या मसुद्यात जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या कलमातून ‘ड्यू प्रोसेस’ हे शब्द गेले, आणि कायद्याने ठरवलेली कोणतीही पद्धत सरकारला पुरेशी ठरेल अशी स्थिती आली. अनेक सदस्य नाराज होते. १५ सप्टेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी संविधान सभेत कलम १५-अ मांडले, तेच आजचे कलम २२. ‘ड्यू प्रोसेस’ गेल्याने जे नुकसान झाले त्याची भरपाई म्हणून हे आणत आहे, अशी त्यांची मांडणी होती. त्यात काय आहे? अटक का केली ते सांगा. वकिलाला भेटू द्या. चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभे करा. या गोष्टी फौजदारी कायद्यात आधीपासून होत्या, पण विधिमंडळाला त्या मनात येईल तेव्हा काढता येत होत्या. बाबासाहेबांनी त्यांना विधिमंडळाच्या हाताबाहेर ठेवले.

मग ‘वेडा’ म्हणून उचललेल्या माणसाला हे कलम लागू होते का? इथे १९५२ चा एक निकाल वाचला पाहिजे : पंजाब राज्य विरुद्ध अजैब सिंग. फाळणीत पळवून नेलेल्या स्त्रियांना शोधून छावणीत पोहोचवण्याचा कायदा होता. पोलीस घरातून मुलगी उचलत. तिची इच्छा काय, हे विचारायची गरज नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, हे गुन्ह्याच्या आरोपावरून केलेले धरणे नाही, हे सुपूर्द करण्यासाठी घेतलेले ताब्यात घेणे आहे, म्हणून कलम २२ ची ‘अटक’ यात बसत नाही. निकालाची बारीक चर्चा वकिलांनी करावी. कार्यकर्त्याने एवढेच लक्षात ठेवावे की ‘तुझ्या भल्यासाठी’ उचलले की चोवीस तासांची ढाल गळून पडू शकते. गुन्हेगाराला जे संरक्षण आहे ते आजाऱ्याला नाही, अशी उफराटी अवस्था.

आणि ‘भल्यासाठी’ वेडे ठरवणे आपल्या समाजात कोणाच्या वाट्याला येते? जातीबाहेर लग्न करू पाहणाऱ्या मुलीच्या. हिस्सा मागणाऱ्या विधवेच्या. सरंजामी गावात मान वर करून चालणाऱ्या पोराच्या. विद्यापीठात छळ झालेल्या आपल्या मुलामुलींच्या मरणानंतरही आधी त्यांच्या मनाच्या दुबळेपणाची चर्चा होते, छळणाऱ्यांची नंतर. म्हणून २०१७ च्या कायद्याचे कलम ३ मला फार महत्त्वाचे वाटते. माणसाचा सामाजिक, राजकीय, आर्थिक दर्जा किंवा धार्मिक-सांस्कृतिक गट पाहून, किंवा तो समाजाच्या रूढ नैतिक, धार्मिक, राजकीय मूल्यांप्रमाणे वागत नाही म्हणून, त्याला मनोरुग्ण ठरवता येणार नाही, असे ते सांगते. हे कलम पाठ असावे.

चोवीस तासांची ती ढाल वेड्याच्या कायद्यात यायला १९८७ उजाडले. त्या वर्षीच्या मानसिक आरोग्य कायद्याने, जो १९९३ मध्ये लागू झाला, ‘अटक’ शब्द काढून ‘संरक्षणात घेणे’ आणले, कारण सांगणे बंधनकारक केले आणि चोवीस तासांत मॅजिस्ट्रेट आणला. १९४९ चे कलम २२ जणू मागच्या दाराने आत आले. त्याच १९९३ मध्ये शीला बारसे यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की गुन्हा नसलेल्या मनोरुग्णाला तुरुंगात ठेवणे बेकायदा आणि घटनाबाह्य आहे. प्रकरण बंगालच्या तुरुंगांचे, लढणारी पत्रकार आपल्या मुंबईची. तोवर ‘सुरक्षित ठेवण्यासाठी’ तुरुंग हा सरकारी रिवाज होता.

मुंबईचाच आणखी एक खटला सांगतो, कारण त्यात पोलीस आणि मनोरुग्ण एकाच माणसात आहेत. मारुती श्रीपती दुबल हे मुंबई पोलिसातले शिपाई. १९८१ मध्ये अपघातात डोक्याला मार लागला आणि नंतर मानसिक आजार सुरू झाला. बायकोच्या भाजीच्या दुकानाच्या परवानगीसाठी ते १९८५ च्या एप्रिलमध्ये महापालिका आयुक्तांना भेटायला गेले. भेट मिळाली नाही. तिथेच अंगावर रॉकेल ओतून घेतले. सुरक्षारक्षकांनी काडी ओढू दिली नाही. मग पुढे काय? दवाखाना? नाही. कलम ३०९ खाली आत्महत्येच्या प्रयत्नाचा गुन्हा. खात्याने स्वतःच्याच आजारी शिपायावर तो लावला. मुंबई उच्च न्यायालयात हे प्रकरण गेले आणि १९८६ मध्ये न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या निकालाने कलम ३०९ घटनाबाह्य ठरले. मरायला निघालेल्या माणसाला मानसोपचार हवा, तुरुंगाची कोठडी त्याला आणखी खचवेल, अशी त्या निकालाची दिशा होती. १९९४ ला सर्वोच्च न्यायालयानेही तेच म्हटले, १९९६ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने फिरवले. शेवटी २०१७ च्या कायद्याच्या कलम ११५ ने सांगितले की असा माणूस तीव्र तणावाखाली आहे असे गृहीत धरा, खटला भरू नका, काळजी घ्या.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि ३०९ गेले. आनंद आहे. पण आंदोलनातल्या मित्रांनी तिचे कलम २२६ वाचले का? लोकसेवकाला त्याचे काम करायला भाग पाडण्यासाठी किंवा कामापासून रोखण्यासाठी आत्महत्येचा प्रयत्न केला तर एक वर्षापर्यंत साधी कैद, दंड किंवा सामुदायिक सेवा. आयुक्तांच्या दारातले ते शिपाई आज कुठे बसले असते? दरवर्षी २६ जानेवारीला, १५ ऑगस्टला कलेक्टर कचेरीसमोर अंगावर डिझेल ओतणारा, गायरानाची नोंद न झालेला आपला माणूस कुठे बसेल? कलम ११५ मध्ये नाव जुन्या ३०९ चे आहे, २२६ चे नाही. ठाण्यातला अंमलदार त्याला रुग्ण समजेल की आरोपी, हे त्या क्षणी तिथे कोण कार्यकर्ता उभा आहे त्यावर ठरेल.

आता आजचा कायदा ठाण्यात नेमके काय सांगतो ते. कलम १०० : आजारामुळे स्वतःची काळजी घेऊ न शकणारा फिरता माणूस, किंवा स्वतःला वा इतरांना धोका असलेला माणूस, यांना ठाणे अंमलदाराने संरक्षणात घ्यायचे. कारण त्याला सांगायचे. त्याला समजत नसेल तर त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला. लवकरात लवकर, आणि कसेही झाले तरी चोवीस तासांच्या आत, जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचे. लॉकअपमध्ये किंवा तुरुंगात कोणत्याही परिस्थितीत ठेवायचे नाही. माणूस बेघर किंवा भटकत आलेला असेल तर हरवलेल्या व्यक्तीची एफआयआर नोंदवायची आणि घर शोधायचे. डॉक्टरांना दाखल करण्याची गरज वाटली नाही तर पोलिसांनीच त्याला घरी, घर नसेल तर सरकारी निवाऱ्यात पोहोचवायचे. पुढच्या तालुक्याच्या हद्दीत नव्हे.

त्यात एक शब्द मुद्दाम पाहा. ‘जवळची सरकारी आरोग्य संस्था’ असे लिहिले आहे, ‘मनोरुग्णालय’ असे नाही. म्हणजे आमच्याकडे अजिंठ्याचे ग्रामीण रुग्णालय, मग सिल्लोडचे उपजिल्हा रुग्णालय. ‘आमच्याकडे तज्ज्ञ नाही’ हे उत्तर कायद्यात बसत नाही. तपासणीची व्यवस्था करणे ही त्या वैद्यकीय अधिकाऱ्याची जबाबदारी आहे. कलम ९४ तर आणखी स्पष्ट आहे. जीव जाण्याचा, गंभीर इजा होण्याचा किंवा मालमत्तेचे मोठे नुकसान होण्याचा धोका असेल तर कोणताही नोंदणीकृत डॉक्टर बहात्तर तासांपर्यंत तातडीचे उपचार करू शकतो, प्रतिनिधी हजर असेल तर त्याच्या संमतीने. मनोरुग्णालयापर्यंत नेण्याची वाहतूकही त्यातच धरली आहे. विजेचे झटके मात्र या नावाखाली देता येत नाहीत. १०८ ची गाडी या कामाला का येत नाही, पोलिसांची जीपच का लागते, हा प्रश्न म्हणूनच आरोग्य खात्याला विचारायचा आहे.

एवढे चांगले असूनही माझी एक तक्रार आहे, आणि ती पुरोगामी मित्रांना आवडत नाही. १८५८ पासून या साखळीत तीन कड्या होत्या : पोलीस, मॅजिस्ट्रेट, डॉक्टर. २०१७ ने फिरत्या माणसाच्या बाबतीत मधली कडी काढली. पोलीस थेट डॉक्टरकडे. कारण समजते; आजारी माणसाला कोर्टात उभे करणे हाही अपमानच होता. पण बाबासाहेबांचे चोवीस तास पोलिसाच्या बाहेरच्या, तटस्थ माणसापुढे नेणारे होते. आताचे चोवीस तास एका सरकारी खात्यातून दुसऱ्या सरकारी खात्यात नेतात. तटस्थ माणसाची जागा मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला दिली आहे. इच्छेविरुद्ध दाखल केले तर स्त्री किंवा अल्पवयीनाबाबत तीन दिवसांत आणि इतरांबाबत सात दिवसांत मंडळाला कळवायचे. कायदा २०१८ मध्ये लागू झाला; महाराष्ट्रात ही मंडळे कामाला लागायला वर्षे गेली आणि उच्च न्यायालयाला सरकारला पुन्हा पुन्हा विचारावे लागले. मधल्या काळात आत गेलेल्यांचे अपील कोणी ऐकले? २०२१ मध्ये तर बऱ्या झालेल्या लोकांना मनोरुग्णालयातून भिक्षेकरी गृहांत आणि वृद्धाश्रमांत हलवणे थांबवा, असे सर्वोच्च न्यायालयाला महाराष्ट्राला सांगावे लागले. वेडा, भिकारी, भटका : खाती बदलतात, माणसे तीच.

तीच आहेत हे सिद्ध कसे करणार? इंग्लंडमध्ये मानसिक आरोग्य कायद्याखाली अडकवल्या जाणाऱ्यांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण गोऱ्यांच्या साडेतीन-चार पट आहे, हे तिथले सरकारच छापते. छापू शकते, कारण ते मोजते. तिथल्या चळवळीने हा आकडा हातात घेऊन कायदा बदलायला लावण्यापर्यंत मजल मारली. आपल्या कायद्याच्या कलम १८ मध्ये उपचारात जातीवरून भेदभाव नको असे लिहिले आहे, पण संरक्षणात घेतलेल्यांत कोण किती, याची मोजणी नाही. तुरुंगातल्या कैद्यांची जातवार आकडेवारी दरवर्षी येते. मनोरुग्णालयांची येत नाही.

म्हणून आमच्या काही कार्यकर्त्यांनी माहिती अधिकाराचे अर्ज तयार केले आहेत. ठाण्याला विचारायचे : मागच्या तीन वर्षांत कलम १०० खाली किती जणांना घेतले, स्टेशन डायरीत वेळ काय, दवाखान्यात पोहोचल्याची वेळ काय, हरवल्याच्या एफआयआर किती, किती घरी पोहोचले. ग्रामीण रुग्णालयाला विचारायचे : पोलिसांनी आणलेले किती तपासले, किती पुढे पाठवले, कोणत्या गाडीने. मंडळाला विचारायचे : आमच्या जिल्ह्यातून किती जणांची माहिती मुदतीत आली आणि त्यात अनुसूचित जाती, जमाती, भटके-विमुक्त किती. शेवटच्या प्रश्नाला ‘अशी माहिती ठेवली जात नाही’ असे उत्तर येईल असे मला वाटते. ते लेखी घ्या. जालन्याचे नवे रुग्णालय सुरू होण्याआधी ते हातात असेल, तर तिथल्या पहिल्या रजिस्टरात तो रकाना छापून घेता येईल.